नो सिग्नल, मुक्काम पोस्ट वेल्हे

भोर-वेल्ह्याकडे कॉम्प्युटरला एकच अवयव असतो, तो म्हणजे स्क्रीन. टेबलाखाली धुळीत जी पेटी घरघरत असते तिला सगळे 'सीपीयू' म्हणतात, पण तिच्या पोटात काय आहे याची चौकशी भल्या माणसानं करू नये असा संकेत आहे. कॉम्प्युटर म्हणजे जो दिसतो तो. त्यामुळे आजार कुठलाही असो, तो स्क्रीनलाच होतो. रॅम हलली, उंदरानं वायर कुरतडली, पेटीत पाल शिरून सद्गतीला गेली, किंवा झाडू मारताना नुसतं बटण बंद झालं, तरी निदान एकच : 'स्क्रीन गेली.' आणि हे सांगताना आवाज असा पडलेला असतो की ऐकणारा आपसूक विचारतो, 'कधी?'

वास्तविक काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरं तरंगायला लागली, की मॉनिटर ठणठणीत आहे असं खुशाल समजावं. त्याला वीज मिळतेय, दिवा लागतोय, शिवाय इंग्रजीही येतंय. तो एवढंच म्हणतोय की बाबांनो, मी केव्हाचा तयार बसलोय, पण खालून मला कोणी काही पाठवत नाहीये. अख्ख्या खोलीत नेमकी तक्रार नोंदवणारा तो एकटा. आणि पहिली थप्पड खातो तोही तोच.

या थपडेला घराणं आहे. 1973 साली सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. टीव्ही पुढं यथावकाश आमच्या डोंगरांतही पोचला, पण सिंहगड आणि आमचं छप्पर यांच्या मधे सह्याद्रीची एखादी सोंड हमखास आडवी. मग एक जण कौलांवर अँटेनाचा दांडा धरून, दुसरा अंगणात निरोप्या म्हणून आणि तिसरा टीव्हीसमोर. 'आलं का?' 'मुंग्या आल्या!' 'आता?' 'आवाज आला, माणसं न्हाईत!' 'आता?' 'आरं, आधी व्हतं तिथं आण!' एवढं करूनही नाहीच जमलं तर टीव्हीच्या टाळूवर थप्पड. आणि ती लागू पडायची! त्या जुन्या डब्यांत सोल्डरिंगला तडे गेलेले असत, हादऱ्यानं दोन टोकं घटकाभर एकमेकांना चिकटत आणि चित्र यायचं. सुरुवातीचे कॉम्प्युटरचे मॉनिटरही तसेच, मागं ढेरी असलेले. कोणी शेजारी स्पीकर ठेवला की त्यातल्या चुंबकानं पडद्याचा एक कोपरा जांभळा-हिरवा व्हायचा. त्यावर उतारा म्हणून डीगॉसचं बटण असे. ते दाबलं की 'ठण्ण' आवाज होऊन सगळं चित्र शहारायचं आणि शुद्धीवर यायचं. आत्ताच्या चपट्या मॉनिटरमध्ये थपडेनं जागेवर येईल असं काही नसतं. फार तर काच तडकते. पण हे हाताला कोण सांगणार? तो टीव्हीच्या जमान्यात शिकलेला.

तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि बोर्ड रंगवणाऱ्यांना बरे दिवस आले. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका सेवा केंद्रातला मॉनिटर मात्र जुन्याच घोषणेवर ठाम आहे. या केंद्रात माझं जाणं-येणं असतं. काम असतंच असं नाही. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, कोणाकोणाचं काय काय अडलंय आणि कशामुळे, हे तिथल्या बाकड्यावर बसून जेवढं कळतं तेवढं पेपर वाचून कळत नाही. केंद्र चालवणाऱ्या ताई तरुण आहेत, हुशार आहेत आणि आपल्या कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

एका सकाळी तिथं 'नो सिग्नल' झळकलं. रांगेतल्या एका आबांनी अक्षरं लावून वाचली आणि लगेच उलगडा केला, 'रेंज न्हाय.' यात हसण्यासारखं काही नाही. तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याला आयुष्य काढलेल्या माणसानं 'नो सिग्नल'चा दुसरा काय अर्थ लावावा? इथं प्रत्येक वाडीत मोबाईल लागणारा एक दगड, एक वळण किंवा एक आंबा ठरलेला असतो आणि जावयाशी बोलायला सासू तिथवर चालत जाते. तेव्हा आबांनी उपाय सुचवला की कॉम्प्युटर खिडकीत न्या. ताईंनी समजावून पाहिलं की हा सिग्नल वायरीतून येतो. 'मग वायर बी न्या,' आबा म्हणाले.

चार जणांनी मॉनिटर, पेटी, कीबोर्ड असं सगळं लटांबर उचलून खिडकीशी नेलं. जागा अरुंद, म्हणून मॉनिटर भिंतीला टेकवला. त्या दाबानं मागचा सैल प्लग आपोआप आत बसला आणि पडदा उजळला. आबांनी कोणाकडंही पाहिलं नाही. गरजच नव्हती. त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर खिडकीत आहे आणि त्याची यापुढची सगळी दुखणी या खिडकीतून आलेली आहेत.

आता या सैल प्लगबद्दल थोडं. जुन्या मॉनिटरना सीपीयूशी जोडणारी ही निळ्या तोंडाची व्हीजीए केबल 1987 सालापासून जगात आहे. तिच्यात तीन ओळींत पंधरा पिना आणि दोन्ही अंगांना दोन स्क्रू. हे स्क्रू पिळून घट्ट करायचे असतात. महाराष्ट्रात ते कोणी पिळल्याचं ऐकिवात नाही. 'परत काढावी लागंल' या दूरदृष्टीनं आपण ती केबल नुसती अडकवून ठेवतो आणि मग ती खरंच परत परत निघते. पहिल्या तीन पिनांतून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे जातात. त्यातल्या एखाद्या पिनेचं बोलणं बंद झालं की उरलेले दोघं मिळून संसार रेटतात. हिरवा रुसला तर पडदा गुलाबी, निळा रुसला तर पिवळा, लाल रुसला तर समुद्राच्या पाण्यासारखा.

आमच्याकडे हिरवा रुसला. समोरच्या बाकावर तेच आबा, बँकेत पीककर्जासाठी सातबारा हवा म्हणून आलेले. पडद्यावर त्यांचा गट नंबर, क्षेत्र, पोटखराबा, सगळं गुलाबी झळाळत होतं.

'पोरी, ह्यो असला नको,' आबा म्हणाले. 'बँक न्हाय घेणार.'

'आबा, नुसतं इथं गुलाबी दिसतंय. कागदावर काळंच येतं.'

'मग इथं गुलाबी का?'

हा प्रश्न रास्त होता. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला तेव्हा आबांनी निम्म्या गावासह त्यावर शंका घेतली होती, कारण सही दिसते कुठं? ती शंका कशीबशी फिटतेय तोवर हा रंग. पडद्यावर जे दिसतं ते आणि कागदावर उतरतं ते, या दोन वाटा पेटीपासूनच वेगळ्या होतात. प्रिंटरचा या केबलशी काडीइतका संबंध नाही. पण हे आबांना सांगण्यापेक्षा रंग बरा करणं सोपं होतं. ताईंनी मागं हात घालून केबल हलवली. पडदा पांढरा झाला, हात काढला की गुलाबी. शेवटी त्यांनी केबलचं मानगूट आबांच्या हातात दिलं.

'आबा, ही अशीच वर उचलून धरा. हलू नका.'

आबा उभे राहिले. एका हातात केबल, दुसऱ्यात टोपी. ताईंनी माऊस हातात घेतला. आबांना खोकला आला आणि पडदा पिवळा झाला. 'आबा!' 'धरलंय की!' 'डावीकडं!' 'कुनाच्या डावीकडं?' एवढ्यात दारातून त्यांचे चुलतभाऊ डोकावले आणि इथं काय करतोस म्हणून विचारायला लागले. आबा जराही न हलता म्हणाले, 'सातबारा धरलाय.'

या चुलतभावांशी बांधावरून बोलणं बंद आहे, हे बाकड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीत जी शांतता पसरली ती प्रिंटरनं मोडली. कागद बाहेर आला, पांढऱ्यावर काळा. वाकलेली पिन पुढं ताईंनीच सरळ केली. बॉलपेनची रिकामी रिफिल त्या पिनेवर टोपीसारखी चढवायची आणि हलक्या हातानं उभी करायची. ही युक्ती त्यांना एमएस-सीआयटीच्या पुस्तकात मिळालेली नाही. तिथं मॉनिटर हे 'आउटपुट डिव्हाइस' आहे एवढंच लिहिलेलं असतं.

मग आला पाऊस. वेल्ह्याचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही आणि ज्यानं पाहिलाय तो सांगायला कोरडा राहिलेला नाही. आवणीच्या दिवसांत भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही, पापड मऊ पडतात. खिडकीतल्या कॉम्प्युटरनं एका सकाळी तीन लांब शिट्या घातल्या आणि मौन धरलं. विजेचा प्रश्न आहे असं आधी सगळ्यांना वाटलं, कारण तो असतोच. शेजारच्या भोर तालुक्यात भाटघर धरणावर वीज तयार होते, पण ती पुढं कुणीकडे जाते ते धरणालाच ठाऊक. आम्ही दिव्याखाली बसलेली माणसं. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटरीत शिट्टी मारण्यापुरताच जीव उरलेला. आता दोन शिट्या एका वेळी वाजायला लागल्यावर कुठली कोणाची, यावरच अर्धा तास गेला.

ताईंनी भोरला मेकॅनिकला फोन लावला. अर्थात दारातल्या दगडावर उभं राहून, छत्री धरून. आत मी आणि दोन मंडळी. मेकॅनिकचा प्रश्न ताई तिथून ओरडून आत पोचवायच्या आणि आमचं उत्तर फोनवर सांगायच्या.

'मॉनिटरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?'

'नारिंगी!'

'लुकलुकतोय?'

'डोळा मारतोय!'

'सीपीयू चालू आहे का?'

'चालू हाय, आवाज येतोय पंख्याचा!'

'कुठल्या पंख्याचा?'

वर पाहिलं तर छताचा. तो बंद केल्यावर आवाज बंद. पण खाली वाकून कान दिल्यावर पेटीतला बारका पंखाही फिरत होता. मग मेकॅनिकनं खरी परीक्षा सांगितली : कॅप्स लॉक दाबा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का पाहा. लागत असेल तर कॉम्प्युटर आतून जागा आहे आणि नुसतं तोंड दाखवत नाही. लागत नसेल तर तो उठलेलाच नाही, मॉनिटरच्या नादी लागू नका. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी मी वैद्यकातही पाहिलेली नाही. दिवा लागला नाही. म्हणजे पुन्हा एकदा मॉनिटर निर्दोष सुटला होता. पण दरम्यान बाकड्यावरच्या एकानं त्याला दोन लगावून घेतल्या होत्या.

मेकॅनिक भोरहून यायचा म्हणजे काय, तर मधल्या डोंगराला वळसा घालून कापूरहोळ, तिथून हायवेनं चेलाडी फाटा, मग नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे. नकाशावर दोन तालुके मांडीला मांडी लावून बसलेत आणि गाडीनं अर्धा दिवस जातो. तरी दुरुस्ती म्हटलं की आम्ही भोरकडंच पाहतो, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे असं माझं मत आहे. भोर म्हणजे पंत सचिवांचं गाव. अष्टप्रधानांत सचिवाचं काम काय, तर सरकारी कागद तपासायचे आणि त्यात कमी-जास्त असेल ते दुरुस्त करायचं. शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेलं ते संस्थान 1948 साली विलीन झालं. त्यांच्या राजवाड्यात आता सिनेमांची शूटिंग होतात आणि कागद दुरुस्त करायचं काम बसस्टँडजवळच्या गाळ्यांत आलंय, जिथं फ्लेक्स, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि 'सर्व कॉम्प्युटर रिपेअरिंग' एकाच छपराखाली नांदतं.

मेकॅनिक आला, चहा प्याला, आणि त्यानं कोणीच न केलेली गोष्ट केली : मॉनिटरकडं पाठ करून तो थेट पेटीपाशी बसला. झाकण उघडलं. तोरण्याची डागडुजी करताना महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं आमच्याकडं लहान पोरही सांगतं. त्यामुळे डागडुजी म्हटलं की भोवती गर्दी होतेच. आत सापडलं ते असं : उबेला आलेली एक पाल, तिची शेपटी वेगळी, मुंग्यांची वारी, आणि मागच्या अंगाला एचडीएमआयच्या रिकाम्या भोकात कुंभारणीनं बांधलेलं मातीचं पक्कं घर. हे घर पाहून मेकॅनिकसुद्धा थबकला. काय ते लिंपण, काय तो गोलवा. सरकारी घरकुल योजनेत असं काम एकदा तरी दिसावं.

मग त्यानं रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबून बाहेर काढली आणि विचारलं, 'खोडरबर आहे?' केंद्रात शिक्के होते, शाई होती, तीन प्रकारचे फॉर्म होते, खोडरबर नव्हता. डिजिटल व्यवहारात खोडायची सोय कुठं असते? रांगेतल्या एका बाईंच्या पोराच्या दप्तरातून एक निघाला, एका कोपऱ्याला चावलेला. मेकॅनिकनं त्या रबरानं रॅमचे पिवळे दात घासले, सावकाश, एकाच दिशेनं. ओल्या हवेत त्या पिवळ्या पट्ट्यांवर काळपट थर बसतो, बोर्डाशी त्यांचा संपर्क तुटतो आणि कॉम्प्युटर उठायच्या आधीच आडवा होतो. त्या तीन शिट्या म्हणजे हेच गाऱ्हाणं. थर पुसला, पट्टी 'टक्क' करून बसवली, बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी. पडदा उजळला. पोरानं रबर मागून घेतला आणि तो काळा झाला म्हणून रडायला लागला.

इथंच प्रकरण संपलं असतं, पण मेकॅनिक मंडळींना हात चालू झाला की थांबवत नाही. 'आलोच आहे तर विंडोज मारून देतो,' तो म्हणाला. आमच्याकडं विंडोज 'मारतात'. जुनाट दुखण्यावर दैवताला कोंबडं मारायचं तसंच हे, आणि त्यानंतर रोगी काही काळ बरा दिसतो हेही तसंच. त्यानं नवी विंडोज टाकली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, कारण तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि नेट त्या दिवशी डोंगरापलीकडं होतं. 'पुढच्या खेपेला करू,' म्हणून तो शेवटची गाडी गाठायला निघाला.

ड्रायव्हर नसला की कॉम्प्युटरला समोरचा पडदा केवढा आहे ते समजत नाही. तो आपला जुन्या चौकोनी मापाचं चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवतो. सगळं मोठं झालं, सगळं आडवं पसरलं. अक्षरं ठसठशीत, चिन्हं थाळीएवढी, आधार कार्डावरच्या फोटोंत प्रत्येक माणूस बाळसं धरलेला. ताईंना ते बघवेना. पण बाकड्यावर क्रांती झाली. आयुष्यात पहिल्यांदा आबांना बसल्या जागेवरून आपला सातबारा वाचता आला. त्यांनी चष्मा न लावता 'इतर हक्क' रकाना वाचला, त्यात सोसायटीचा बोजा वाचला, आणि तो फेडून वर्ष झालं तरी अजून का आहे, असा सवाल केला. दुसऱ्याला आजीच्या नावातली चूक दिसली. तिसऱ्याला आपल्या विहिरीत चुलत्याचा हिस्सा दिसला. इतकी वर्षं बारीक अक्षरांत जे सुखानं नांदत होतं ते सगळं बाहेर पडलं आणि केंद्रापुढची रांग रस्त्यापर्यंत गेली.

जुनी विंडोज असताना एकदा पडदा उलटाही झाला होता. कोणाच्या तरी नातवानं कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबले होते. तेव्हा ताईंनी फोन करायच्या आधी मॉनिटरच उलटा करून त्याच्या दोन्ही बाजूंना आवक-जावकच्या जाड वह्या लावल्या आणि काम चालू ठेवलं. संध्याकाळी मुलगा पुन्हा आला, त्यानं वरचा बाण दाबून चित्र सरळ केलं, आणि आता मॉनिटर उलटा राहिला.

पुढच्या खेपेला मेकॅनिक आला, नेटही आलं, ड्रायव्हर पडला. चित्र एका क्षणात रेखीव झालं, फोटोंतली माणसं वाळली आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. 'आता बघा कसं क्लिअर झालं,' तो हात पुसत म्हणाला. बाकड्यावरून कोणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, 'चांगलं चाललं व्हतं, बिघडवून ठेवलंस.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. ह्याला पैसे कशाचे द्यायचे, अशीही एक कुजबुज झाली. मेकॅनिकनं रिझोल्यूशन म्हणजे काय ते समजावून सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि चहा न घेता गेला.

तो नसरापूरला पोचायच्या आत ताईंनी सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुन्हा मोठं केलं. आता चित्र एवढं मोठं असतं की फॉर्मचं 'सबमिट' बटण पडद्याच्या खाली जातं आणि फॉर्मची चौकट सरकवूनही ते वर येत नाही. त्यावर ताईंनी तोडगा बसवलाय. शेवटचा रकाना भरला की टॅब अमुक वेळा दाबायचं आणि न दिसणाऱ्या बटणावर एंटर मारायचा. उत्पन्नाच्या दाखल्याला टॅब किती, रहिवासी दाखल्याला किती, पीकविम्याला किती, हे खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. परवा मेकॅनिकचा फोन आला, ड्रायव्हर नीट चालतोय ना म्हणून. दगडावर उभ्या राहून ताई म्हणाल्या, 'एकदम मस्त, दादा,' आणि आत येऊन पुढच्या माणसाला आधार नंबर विचारला.